हिवाळ्यात वाहणारं पावसाळी गटार

नीताताई दिघे यांना पनवेलमधली बरीच माणसं चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून त्यांनी उभं आयुष्य गाड्यांच्या घोषणा केल्या. अलिबागची गाडी कुठल्या फलाटाला लागली, महाडची किती उशिरा येणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर चुकलं. एकदा बाजारात त्यांनी "मेथी कशी दिली?" एवढंच विचारलं, तर शेजारी उभे असलेले आजोबा दचकून म्हणाले, "रोह्याची लागली का हो?" हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगतात.

आम्ही एकाच सोसायटीत राहतो, नवीन पनवेलमध्ये. ए, बी, सी अशा तीन बसक्या इमारती. मी बीमध्ये दुसऱ्या मजल्यावर, नीताताई एमध्ये तळमजल्यावर. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच आहेत; मुलगा निनाद पुण्याला असतो. एच्या समोरून रस्त्याच्या कडेने पावसाळी गटार जातं. वर सिमेंटच्या लाद्या, मधेमधे लोखंडी जाळ्या. वरच्या अंगाच्या चार सोसायट्यांवरून आमच्याकडे येऊन ते पुढे नाल्याला मिळतं, नाला गाढी नदीला आणि गाढी खाडीला. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा गटार म्हणजे गटार, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत एका दुपारी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदमच आले. गटार उलटं चढलं आणि एच्या तळमजल्यावर शिरलं. आम्ही वरून धावत खाली गेलो, गाद्या उचलल्या, टीव्ही ओट्यावर ठेवला. पाणी घोट्याच्या वर होतं, पण कुणी त्याच्या खोलीबद्दल बोलत नव्हतं. त्यात जे तरंगत होतं ते पाहून सगळ्यांनी नाकाला पदर लावला होता. तो पाऊस नव्हता. ते कुणाच्या तरी संडासातून आलेलं होतं.

पाणी ओसरल्यावर फिनेलच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. नीताताईंच्या पायावर गळवं उठली ती गणपतीपर्यंत बरी झाली नाहीत. निनाद येऊन गेला. "आई, हा फ्लॅट विकून टाकू. करंजाड्याला टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर घेऊ," तो म्हणाला. मी तिथेच होते. नीताताई म्हणाल्या, "आणि इथे जो राहायला येईल त्याचं काय? त्याला सांगायचं का, की जुलैत पाय वर घेऊन बस म्हणून?" निनाद गेला, आणि हळूहळू बाकीचे सगळे विसरले, जसे दरवर्षी विसरतात.

नीताताई विसरल्या नाहीत. जानेवारीतली गोष्ट. सकाळी आम्ही दोघी फिरायला निघालो होतो. फाटकाबाहेर त्या थांबल्या आणि जाळीवर वाकल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या.

खाली पाणी वाहत होतं. चांगलं खळाळत.

"गटार आहे, वाहणारच," मी म्हटलं.

"पावसाळी गटार आहे. पाऊस जाऊन तीन महिने झाले. मग हे पाणी कुठून येतंय?"

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. दुधाला जाताना, भाजीला जाताना, कपडे वाळत घालताना त्या जाळीशी थांबायच्या. दुपारी गटार जवळजवळ सुकायचं, संध्याकाळी पुन्हा थोडं वाहायचं, पण खरा जोर सकाळी, घराघरांत आंघोळी चालू असताना. आठवड्याभराने त्या मला म्हणाल्या, "या गटाराला टाइमटेबल आहे. आणि जिथे टाइमटेबल असतं, तिथे गाडी कुठल्यातरी डेपोतून सुटलेली असते. तो डेपो शोधायला हवा."

पालिकेच्या प्रभाग कार्यालयात सत्यजीत नावाचे तरुण अभियंते होते. आम्हाला वाटलं होतं, अर्ज द्या, साहेब साइटवर आहेत, उद्या या, असं ऐकून परतावं लागेल. तसं झालं नाही. सत्यजीतनी खुर्च्या दिल्या, नकाशा उघडला आणि दोन रेषा दाखवल्या. एक निळी, पावसाची. एक लाल, घरातल्या मैल्याची. लाल रेषा शुद्धीकरण केंद्राकडे जाते, निळी थेट नदीला.

"या दोन रेषा एकमेकींना कुठेही भेटत नाहीत," ते म्हणाले. "निदान कागदावर. पण तुमचं गटार जानेवारीत वाहतंय म्हणजे कुणीतरी त्यांचं लग्न लावून दिलंय. लाइन तुंबते, प्लंबर येतो, जवळ पावसाळी गटार दिसतं, जोडून मोकळा होतो."

"कुणी जोडलंय ते कसं कळणार?" नीताताईंनी विचारलं.

"पाच सोसायट्या आहेत त्या गटारावर. रस्ता खणत बसलो तर वर्ष जाईल. त्यापेक्षा रंग टाकायचा." त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. आत विटकरी रंगाची पूड होती. "पाण्यात पडली की हिरवीगार होते. माणसाला, माशाला अपाय नाही. एकेका इमारतीच्या संडासात थोडी थोडी टाकायची, फ्लश करायचं आणि बाहेर गटाराशी उभं राहून बघायचं. हिरवं पाणी आलं की समजा, चोर सापडला. माझी दोन माणसं देतो, पण घरात शिरायची परवानगी तुम्ही मिळवा. पालिकेचा माणूस दारात दिसला की लोक दार लावून घेतात. आणि टाकण्याआधी सगळ्यांना कळवा, नाहीतर घबराट होईल."

परवानगी मिळवणं म्हणजे आमच्या चेअरमनना पटवणं. कृष्णकांत वैद्य. सी इमारतीत तळमजल्यावर राहतात, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ, पण सोसायटीच्या नावाला फार जपणारे. स्वच्छ सोसायटीचं बक्षीस मिळालं होतं, त्याची ढाल त्यांनी ऑफिसात दारासमोरच लावली होती. नीताताईंचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"नीताताई, पहिली आपली सोसायटी कशाला? समोरचे लोक बघतील. म्हणतील, यांच्याकडेच घोटाळा. आधी वरच्यांचं तपासा."

"वरचे म्हणतील खालच्यांचं तपासा. असं म्हणत म्हणत गटार वाहतंच राहील."

"पण लोकांच्या संडासात जाऊन रंग टाकायचा, हे बरं दिसतं का?"

"जुलैत त्याच संडासातलं माझ्या स्वयंपाकघरात आलं होतं. ते बरं दिसलं का?"

कृष्णकांतांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवत असावं पण नीट आठवत नसावं, तसे ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "करा. पण ए पासून सुरुवात करा."

नीताताई दारोदार फिरल्या. कुणी म्हणालं, आमचा नवा कमोड आहे, डाग पडला तर? नीताताईंनी आधी आपल्याच कमोडमध्ये पूड टाकून, धुऊन दाखवला. कुणी म्हणालं, मिस्टर घरी नाहीत. त्या मिस्टर घरी येण्याच्या वेळेला पुन्हा गेल्या. पाचही सोसायट्यांच्या वॉचमनना सांगितलं, फलकावर सूचना लावली. मला वाटलं, आता कुणालाही कळवायचं उरलं नाही. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

एका सोमवारी सकाळी ए झालं. मी जाळीशी मोबाइल घेऊन उभी, पालिकेची माणसं लादी उचलून तयार. नीताताई आतून ओरडल्या, "सोडलं!" आम्ही टक लावून बघत बसलो. पाणी होतं तसंच, राखाडी. काही आलं नाही. मंगळवारी आमचं बी. तिथेही काही नाही. कृष्णकांत येऊन उभे होते, त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "बघा, मी म्हणत होतो," ते म्हणाले.

बुधवारी सी.

नीताताई कृष्णकांतांच्याच घरी गेल्या होत्या, कारण सीच्या तळमजल्यावरचं पहिलं घर त्यांचं. त्यांचं "सोडलं!" ऐकू आलं आणि आम्हाला चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ मिळाला नाही. सीच्या बाजूने गटारात हिरवा रंग आला. आधी एक धागा, मग पट्टा, मग सगळं पाणी, पोपटाच्या पंखासारखं हिरवं. पोरं "ए, कसलं भारी!" करत धावत आली. पालिकेचा माणूस म्हणाला, "अख्खी बिल्डिंग येतेय इकडे." मी मोबाइल धरून उभी होते, पण शूट करायचं विसरले. आमच्याच सोसायटीतली तेवीस घरं नदीत सोडलेली होती आणि आम्ही ढाल लावून बसलो होतो.

नीताताई बाहेर आल्या. हिरवं पाणी बघितलं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण त्या लगेच मागे वळून बघायला लागल्या. कृष्णकांत दारातच उभे होते. बाहेर आले नाहीत.

हे सगळं सकाळी झालं. दुपारी फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. वॉचमन तिघी बायकांना अडवत होता. पुढे होती ती पन्नाशीची, काटक, केस मागे आवळून बांधलेले, साडीचा ओचा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. तिचं नाव बुधी. नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या काठावर कातकऱ्यांची वाडी आहे, तिथून ती नाल्याच्या काठाकाठाने, हिरव्या पाण्याचा माग काढत आमच्या दारापर्यंत चालत आली होती.

"कोनी टाकलं पान्यात?" ती विचारत होती. "इख हाय का काय हाय?"

नीताताई घाईने पुढे गेल्या. "विष नाही हो. तपासणीचा रंग आहे. त्याने काही होत नाही, मासेसुद्धा मरत नाहीत."

"ते तुमाला म्हाईत. आमाला कोनी सांगितलं?"

नीताताई फाटकाबाहेर तिच्याजवळ गेल्या.

"आमचा काळू सकालपासून पान्यात उभा व्हता," बुधी म्हणाली. काळू म्हणजे तिचा नवरा. "जे मासं गावलं ते सगलं फेकून दिलं त्यानं. पोरं आंगोल करत व्हती, त्यांना मारून भायेर काढलं. म्हातारी रडाया लागली, म्हनं आता पोरं मरनार." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "हिरवं दिसलं म्हनून आलो. रोज न दिसता येतंय ते बी तुमचंच ना?"

फाटकाशी जमलेल्या आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे बघू शकलं नाही. वॉचमनने अडवणारा हात खाली केला.

"माझं चुकलं," नीताताई म्हणाल्या. "पाच सोसायट्यांना कळवलं. खाली कुणी राहतं हे माझ्या मनातच आलं नाही. चला, मी येते तुमच्याबरोबर. जे सांगायचं ते तिथे सगळ्यांसमोर सांगते."

त्या चपला बदलून निघाल्या. मीही गेले, खरं सांगायचं तर त्या एकट्या जाऊ नयेत म्हणून. सोळा वर्षं इथे राहून नाल्याच्या काठाने मी कधी चालले नव्हते. रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे गेलं की झाडी लागते, आणि अचानक वाटतं की आपण शहरात नाहीच. पाणी मात्र शहराचं. काठावर प्लॅस्टिक अडकलेलं, दगडांवर काळा थर. वाडीतल्या बायकांनी काठापासून थोडं दूर वाळूत खड्डा खणला होता. त्यात झिरपून आलेलं पाणी त्या वाटीने हंड्यात भरायच्या. त्या दिवशी खड्डाही कुणीतरी दगडांनी बुजवून टाकला होता, भीतीने.

काळू झोपडीसमोर बसला होता. जाळं बाजूला पडलेलं. नीताताई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. रंग काय असतो, कशासाठी टाकला, काय सापडलं. "आमच्या एका इमारतीचं सगळं तुमच्याकडे येत होतं. आज कळलं. ते आम्ही बंद करू. बाकीच्यांचंही शोधायचं आहे, म्हणजे रंग पुन्हा टाकावा लागेल. पण आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय टाकणार नाही."

काळूने जाळं जवळ ओढलं. मग विचारलं, "बंद करनार म्हंता. कवा?"

"पावसाच्या आधी."

"बरं," तो म्हणाला. त्याला विश्वास वाटला असं मला दिसलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. निघताना बुधीच्या सुनेने, दिपाने, आपला मोबाइल नंबर दिला आणि नीताताईंनी तो तिथेच लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीताताईंकडे चहाला बसले होते तेव्हा कृष्णकांत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तो पाइप मी टाकायला लावला होता," ते म्हणाले.

नीताताईंनी त्यांना खुर्ची पुढे केली. यावेळी ते बसले.

"आई होती तेव्हा. अंथरुणाला खिळलेली. रस्त्यातली लाइन बसली होती आणि आमच्या बाथरूममधून मैला वर येत होता. तिच्या खोलीपर्यंत. तक्रार केली, आज येतो उद्या येतो चाललं होतं. प्लंबर म्हणाला, तात्पुरतं गटारात सोडतो, लाइन दुरुस्त झाली की काढू. मी म्हटलं, काय वाटेल ते कर. पुढे लाइन दुरुस्त झाली. आई गेली. पाइप काढायचा राहिला. विसरलो होतो, खरंच. तुम्ही रंगाचं बोललात तेव्हा आठवलं. आणि तरी मी बोललो नाही. तुमच्या घरात पाणी शिरलं, गाद्या उचलायला मीही होतो. तेव्हा तुमच्या पायाला जे झालं…"

मी उठून आत जावं की बसावं, मला कळेना. नीताताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या आईंना शेवटी फार त्रास झाला का हो?"

कृष्णकांतांना या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आईबद्दल बोलत राहिले. पाइपाचा विषय त्या सकाळी पुन्हा निघाला नाही.

रविवारी सोसायटीची सभा झाली. मंडपवाल्याकडून आणलेल्या खुर्च्या कमी पडल्या, इतकी माणसं. सीवाले चिडलेले, एवाले त्याहून जास्त. "कुणाच्या परवानगीने जोडलं ते आधी सांगा!" असा गलका चालला होता. नीताताई उभ्या राहिल्या. माइक नव्हताच, त्यांना कधी लागत नाही.

"कृपया लक्ष द्या," त्या म्हणाल्या, आणि इतकी वर्षं त्या आवाजावर उठून गाडीकडे धावलेली माणसं आपोआप गप्प झाली. "अडचणीच्या वेळी सोसायटीने एक पाइप टाकला. त्यावेळी दुसरा उपाय नव्हता. आता आहे. सोसायटी तो पाइप काढणार आहे. पालिकेचे इंजिनियर मुख्य लाइन तपासून देणार आहेत. कधी खणायचं, एवढंच आज ठरवायचं आहे."

सगळं तिथेच मिटलं असतं. पण कृष्णकांत उभे राहिले.

"सोसायटीने नाही," ते म्हणाले. "मी टाकला. कमिटीला विचारलं नव्हतं. काढायचा खर्च आणि काम दोन्ही माझ्याकडे."

मागून कुणीतरी राजीनामा मागितला. आणखी दोघांनी साथ दिली. नीताताईंनी त्या दिशेला नुसतं बघितलं. "राजीनामा घेतला तर पाइप निघतो का?" त्यांनी विचारलं. कुणीतरी हसलं, आणि सभेतला ताप उतरला. पुढे खर्च सगळ्यांनीच वाटून घेतला.

फेब्रुवारीत खणायला सुरुवात झाली. कृष्णकांत सकाळपासून टोपी घालून खड्ड्याशी उभे असायचे. पाइप निघाला, तोंड सिमेंटने बंद झालं, सीची लाइन पुन्हा लाल रेषेला जोडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जाळीशी गोळा झालो. पाणी निम्म्याहून कमी झालं होतं. पण होतं.

"म्हणजे अजून कुणीतरी आहे," मी म्हटलं.

"अजून चार सोसायट्या आहेत," नीताताई म्हणाल्या.

इथे मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. दुसरी कुणी असती तर पाइप काढल्याचे फोटो टाकून इतरांकडे बोट दाखवलं असतं. नीताताई कृष्णकांतांना बरोबर घेऊन गेल्या. प्रत्येक सोसायटीत आधी कृष्णकांत बोलायचे. "आमच्याकडे सापडलं, आणि ते मीच जोडलं होतं. तुमच्याकडे असेलच असं नाही. बघून घेऊ." समोरच्याने आधीच कबूल केल्यावर भांडायचं कुणाशी? लोक चहा विचारायचे आणि संडासाचं दार उघडून द्यायचे. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी नीताताई दिपाला फोन करायच्या. "उद्या सकाळी हिरवं येईल हं. दुपारपर्यंत जाईल. आजच पाणी भरून ठेवा." एकदा फोन लागला नाही, तर त्या दिवशी रंग टाकला नाही, पालिकेची माणसं आलेली असूनही. त्या स्वतः वाडीवर जाऊन सांगून आल्या आणि काम दुसऱ्या दिवशी केलं.

एका सोसायटीत तीन मोऱ्यांचं पाणी सापडलं, दुसरीत एका मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचं. शेवटी राहिला कोपऱ्यावरचा धनेशचा पोळीभाजीचा धंदा. भांडी घासलेलं तेलकट पाणी तो सरळ जाळीत ओतायचा. नीताताईंना त्याने उभंही केलं नाही. "मावशी, सगळ्या गावाचं आधी बंद करा, मग माझ्याकडे या."

"बरं," त्या म्हणाल्या आणि परत आल्या. मी वैतागले. त्या म्हणाल्या, "थांब जरा."

एप्रिल उजाडला तसं बाकीचं पाणी बंद होत गेलं. गटारात वाहायला आता फक्त धनेशचं पाणी उरलं, आणि तेवढं वाहायला पुरेना. ते त्याच्याच दारासमोर साचलं. उन्हात त्याला असा वास सुटला की गिऱ्हाईक नाक मुठीत धरून पार्सल घ्यायला लागलं, मग यायचंच थांबलं. एका सकाळी धनेश स्वतः नीताताईंच्या दारात. "मावशी, ते सत्यजीत साहेबांना जरा विचारता का, तेल अडवायची टाकी कशी बसवतात?" नीताताईंनी एक शब्द टोमणा मारला नाही. मी तिथे असते तर नक्की मारला असता.

मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गटाराचा तळ बघितला. कोरडा, सिमेंटचा, त्यावर वाळलेली पानं. सत्यजीतच्या माणसांनी गाळ काढला. गच्चीवरचं पावसाचं पाणी आम्ही थेट गटारात सोडायचं थांबवलं आणि मागच्या बागेत दगड-वाळूचा शोषखड्डा करून त्यात उतरवलं, म्हणजे मोठ्या पावसात गटारावर तेवढा भार कमी. जाळ्यांना आतून बारीक जाळी लावली. त्यात अडकलेल्या पिशव्या आणि बाटल्या काढायची पाळी प्रत्येक इमारतीने घेतली. सीची पाळी असते तेव्हा हातमोजे घालून कृष्णकांत सगळ्यात आधी हजर.

नदी स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. गाढीला आमच्यासारखे किती नाले मिळतात ते मोजायला गेलं तर मन खचतं. नाल्याच्या वरच्या अंगाला अजून कुणाचं तरी येतं, पावसाच्या पहिल्या लोंढ्यात रस्त्यावरचं तेल आणि कचरा वाहून जातोच. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही वाडीवर गेलो तेव्हा दगडांवरचा काळा थर पातळ झाला होता. काळू पाण्यात उभा होता. बुधीने आम्हाला बसायला गोणपाट दिलं आणि म्हणाली, "वास कमी झालाय. एवढं खरं." मग म्हणाली, "काळूला खरं वाटलं नव्हतं." नीताताई म्हणाल्या, "मलासुद्धा नव्हतं वाटलं."

सत्यजीतची बदली झाली. जाताना ते पुडीचे डबे नीताताईंच्या स्वाधीन करून गेले आणि नव्या साहेबांशी ओळख करून दिली. आता नीताताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फार चालता येत नाही, म्हणून कृष्णकांत एक घडीची खुर्ची घेऊन बरोबर असतात.

मागच्या आठवड्यात खांदा कॉलनीतून रिया नावाच्या एका मुलीचा फोन आला. नुकतीच लग्न होऊन तिथे राहायला आलेली, आयटीत काम करते. "मावशी, आमचं पावसाळी गटार मार्चमध्ये वाहतंय. कुणीतरी तुमचा नंबर दिला." आम्ही तिघं रिक्षाने गेलो. रियाने जाळी दाखवली, इमारती दाखवल्या, कुणाकुणाला भेटायचं ते सगळं मोबाइलवर लिहून ठेवलेलं दाखवलं. फार उत्साही पोरगी. "कुठल्या बिल्डिंगपासून सुरू करायचं?" तिने विचारलं.

नीताताईंनी खुर्ची उघडून घेतली, बसल्या आणि रस्त्याच्या उताराकडे बघत म्हणाल्या, "आधी मला सांग, हे पाणी पुढे कुणाच्या दारात जातं?"

रियाला माहीत नव्हतं. तिने मोबाइलवर नकाशा उघडला.

"नकाशा राहू दे," नीताताई म्हणाल्या. "रिक्षा बोलाव. बघून येऊ."